अंगणवाडीच्या जनक : पद्मभूषण ताराबाई मोडक

बंगळूरमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना कन्नड पाट्या अक्षर लावून लावून वाचाव्या लागतात. पण गल्लीबोळातल्या एका सरकारी पाटीवरचा शब्द कानावर पडला की तो आपलाच वाटतो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. ही कल्पना ज्यांच्या कामातून आली त्या बाई मराठी होत्या. ताराबाई मोडक हे नाव आपण सर्वांनीच ऐकलेले आहे, परंतु त्यांनी नेमके काय केले असे कोणी विचारले तर आपली पंचाईत होते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा परिचय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, त्यामुळे घरात सुधारकी वातावरण होते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ साली त्या विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी होती. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची चांगली नोकरी त्यांना मिळाली. तिथेच राहिल्या असत्या तर आयुष्य सुखाने गेले असते.

परंतु जवळच भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. गिजुभाईही मूळचे वकील. छडी आणि घोकंपट्टी बाजूला ठेवून, माँटेसरीबाईंच्या पद्धतीने अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिकवण्याचा त्यांचा प्रयोग चालू होता. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि शिक्षणपत्रिका चालवून पालकांना जागे करण्याचा प्रयत्न केला. गुजरातीत सुरू झालेले हे काम ताराबाईंनी मराठीत आणले. १९३६ साली मुंबईला परतून त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि बालशिक्षिकांना शिकवणारे बालअध्यापन मंदिरही. दादरमधल्या मध्यमवर्गाला बालवाडीची सवय लागली ती तिथून.

इथवरचे काम मोठे असले तरी ते शहरातल्या, फी भरू शकणाऱ्या घरांसाठी होते. माँटेसरीची लाकडी साधने महाग. गावातल्या मुलाला ती कोण देणार? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. पश्चिम रेल्वेने मुंबईहून निघाले की डहाणू रोडनंतर घोलवड स्टेशन लागते, त्याच्या शेजारचे हे समुद्रकाठचे गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबत आल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, माती आली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हासुद्धा अभ्यासक्रमाचाच भाग झाला.

तरीही गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. दुसरे कोणी असते तर पालकांना दोष देऊन मोकळे झाले असते. ताराबाईंनी उलट केले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या दारी न्यायची! शिक्षिका सामान घेऊन वस्तीत जायची आणि एखाद्या घरासमोरच्या अंगणात मुलांना गोळा करायची. हीच अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी.

१९५७ साली त्या डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेल्या. तिथे अडचण आणखी वेगळी. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण आई मजुरीला जाते आणि धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने धाकट्याला पाळण्यात ठेवायचे आणि शेजारच्या वर्गात बसायचे. या रचनेला विकासवाडी म्हणत. गुराख्यांसाठी चराऊ रानातच कुरणशाळा भरू लागली. आम्हा इंजिनिअर मंडळींना यात विशेष वाटते ते असे, की बिघाड कुठे आहे हे त्यांनी जागेवर जाऊन पाहिले आणि दुरुस्ती तिथेच केली. हजेरीपटावर लाल शेरे मारत बसल्या नाहीत.

हे लिहिताना आमच्या साइटवरचे चित्र डोळ्यांसमोर येते. खडीच्या कामावर बायका असतात, झाडाला साडीची झोळी बांधलेली असते आणि सात-आठ वर्षांची पोर ती हलवत असते. पाळणाघराच्या तरतुदी कायद्यात आहेत; पण काम पुढच्या सेक्शनला सरकले की टोळी हलते आणि त्या पोरांचे नाव कोणत्याच अंगणवाडीत राहत नाही. आपल्या मुलांच्या नर्सरी प्रवेशासाठी आपण किती धावपळ करतो, डोनेशनची जमवाजमव कशी करतो, हे वाचकांना सांगायला नको. कामावर असलेल्या सहकाऱ्यांनी कंत्राटदाराला एकदा झोळीकडे बोट दाखवून विचारायला हरकत नाही. जवळच्या अंगणवाडी सेविकेला साइटचा पत्ता देणे तर त्याहून सोपे आहे.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, चालवले. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. सहा वर्षांखालील मुलांना आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण, तसेच गरोदर व स्तनदा मातांना मदत, असे तिचे स्वरूप. गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. महाराष्ट्रात ती मेळघाटातल्या धारणीला सुरू झाली, आणि आपल्या कर्नाटकात म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरला.