लोणारचे पाणी आणि अबुल फजल

मेहकरकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवीत असे. मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याचा धडा आला, की पुस्तकातल्या मिठाच्या पाण्याऐवजी मी लोणार सरोवराचे पाणी वापरायचो. तेव्हा एसटीने जाऊन बाटलीभर पाणी आणण्यात कोणाला वावगे वाटत नसे. चिनीमातीच्या बशीत ते घालून खाली स्पिरिटचा दिवा लावला, की पाणी उडून जाई आणि बशीला पांढरा थर धरे. शेजारच्या टेबलावर तेच पाणी चंबूत उकळायचे, वाफ नळीतून थंड करायची आणि थेंब गोळा करायचे. सरोवराच्या पाण्याने तांबडा लिटमस निळा होई. या थेंबांनी काहीच होत नसे. एवढ्यावरही मुले खूश असत.

एका उन्हाळ्याच्या सुटीत ‘ऐने अकबरी’चा इंग्रजी अनुवाद हाती आला. वऱ्हाड सुभ्याचे वर्णन वाचताना एकदम आपले मेहकर भेटले, आणि त्याच्या पोटात लोणार! ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, भोवती उंच डोंगर आहेत, पाणी खारट आहे, काच आणि साबण करण्याचा माल त्यात मिळतो, सोरा निघतो व त्याचा चांगला महसूल येतो, असे अबुल फजलने लिहिले आहे. सोमवती अमावास्येला डोंगरावरचा झरा सरोवरात उतरतो, हेही तो नोंदवायला विसरत नाही.

आग्र्यात 1551 साली जन्मलेल्या या माणसाला आमच्या सोमवती अमावास्येशी काय देणेघेणे? त्याचे वडील शेख मुबारक मोठे विद्वान, पण विचारांनी मोकळे. कर्मठ उलेमांनी त्यांच्यावर असे किटाळ आणले, की सारे कुटुंब जीव मुठीत धरून लपत फिरले. अबुल फजलच्या तरुणपणीची एक कथा सांगतात. एका ग्रंथाची अर्धी जळलेली प्रत त्याच्या हाती आली. त्याने जळका भाग कापून कोरा कागद चिकटवला आणि प्रत्येक ओळीचा हरवलेला अर्धा भाग स्वतःच्या अंदाजाने भरून काढला. पुढे पूर्ण प्रत मिळाली, तेव्हा फरक मोजक्याच जागी निघाला म्हणे. थोरला भाऊ फैजी हा कवी, तो आधीच दरबारात होता. 1574 मध्ये अबुल फजलही अकबरापुढे उभा राहिला आणि पुढे बादशहाचा उजवा हात झाला. त्याचा आहार रोज बावीस शेर होता, असे एका जुन्या चरित्रकोशात आहे. शिक्षकाच्या पगारावर हे झेपले नसते!

‘अकबरनाम्या’चा तिसरा भाग म्हणजे ऐने अकबरी. त्यात राज्यकारभार आहे, तशा स्वयंपाकघर आणि कारखान्यांतल्या कृतीही आहेत. खारी माती भोके पाडलेल्या भांड्यात भरायची, वरून पाणी ओतायचे, खाली झिरपलेले उकळून स्वच्छ करायचे आणि खडे धरू द्यायचे, ही सोऱ्याची कृती. गाळणे, बाष्पीभवन, स्फटिकीभवन, सगळे क्रमाने आले. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकून त्यात सुरई पाव तास फिरवली, की आतले पाणी गार होते. हा शोध त्याने अर्थातच बादशहाच्या नावावर मांडला आहे. उसाची दारू गाळण्याच्या तर तीन पद्धती आहेत. पहिलीत भांड्याच्या आत वाटी ठेवायची, वर उलटे झाकण मातीने लिंपायचे आणि झाकणावर गार पाणी ओतत राहायचे. वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. वर्गात ऊर्ध्वपातन समजावताना मी हीच आकृती फळ्यावर काढू लागलो. फक्त दारूच्या जागी पाणी लिहायचो.

मात्र सोऱ्याचे कोडे सुटेना. सोरा निखाऱ्यावर टाकला तर भडकतो. आमच्या बशीतली पूड भडकली नाही. तिच्यावर विरळ आम्लाचे थेंब टाकले, तर ती फसफसली. म्हणजे हा धुण्याच्या सोड्याचा भाऊबंद, जोडीला मीठ. काच आणि साबणाला सोडाच लागतो, तेव्हा अबुल फजलची ती बातमी पक्की. सोऱ्याची मात्र सरोवराच्या पाण्याला लागू पडत नाही. वऱ्हाड मोगलांकडे आले 1596 मध्ये, ग्रंथ पुरा होत आला 1598 च्या सुमारास, आणि अबुल फजल दक्षिणेत उतरला 1599 मध्ये. लोणारचे वर्णन त्याने दुसऱ्यांच्या माहितीवरून लिहिले असणार.

दक्षिणेत त्याला पाठवले होते शाहजादा मुरादला परत आणायला. तो पोहोचला त्याच सुमारास मुराद पूर्णेच्या काठी वारला, दारूपायी. दारू गाळण्याची इतकी तपशीलवार कृती लिहिणाऱ्याला ते प्रेत पाहून काय वाटले असेल? पुढे त्याने फौजा सांभाळल्या. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, बऱ्हाणपूरजवळचा असीरगड जानेवारी 1601 मध्ये पडला, त्या मोहिमेतही तो होता.

इकडे शाहजादा सलीमने अलाहाबादेत बंड मांडले होते. अकबराने अबुल फजलला तातडीने बोलावले. वाटेत धोका आहे, दुसऱ्या रस्त्याने जा, असे सोबत्यांनी विनवले. त्याने ऐकले नाही. ऑगस्ट 1602 मध्ये सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला गाठून मारले आणि शीर अलाहाबादेला पाठवले. सलीम जहांगीर झाल्यावर त्याने आत्मचरित्रात हे उघडपणे लिहून ठेवले. अबुल फजलची कबर ग्वाल्हेरजवळ आंतरीला आहे. आग्रा तिथून फार लांब नव्हते.