खगोलाचे सत्यशोधन : प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना टॉलेन्सचे परीक्षण चांगले परिचित आहे. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाच्या द्रावणात ग्लुकोज घालून परीक्षानळी ऊन पाण्यात धरली, की काही वेळाने नळीच्या आतील भिंतीवर चांदीचा लखलखीत थर चढतो. काचेवर धातू बसवण्याच्या याच क्रियेने एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्राला नवी दृष्टी दिली. त्या दृष्टीने पुण्यातून आकाशाचा अभ्यास करणारे संशोधक म्हणजे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला होत.

त्यांचा जन्म 1857 सालचा, पारशी कुटुंबातला. भौतिक व रसायनशास्त्रात एम.ए. झाल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले. 1882 साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी वर्णपट प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी मिळवली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. 1884 साली उपकरणांच्या निवडीसाठी ते इंग्लंडला गेले असता सर नॉर्मन लॉकियर प्रभृतींनी त्यांना सल्ला दिला, की प्रयोगशाळेऐवजी सूर्य व ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारी वेधशाळाच उभारावी. त्यानुसार पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, 1888 साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली तिची परावर्ती दुर्बीण 20 इंची आरशाची म्हणून ओळखली गेली. पुढे कित्येक दशके ती भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

या आरशाचे मर्म समजून घेण्याजोगे आहे. पूर्वी दुर्बिणीचे आरसे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे ओतीत. ते जड असत, लवकर काळवंडत, आणि पुन्हा घासून उजळताना त्यांचा काटेकोर आकार बिघडण्याचे भय असे. लीबिग यांनी काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक रीत शोधली. 1856-57 च्या सुमारास श्टाइनहाइल व फूको यांनी ती दुर्बिणीच्या आरशांसाठी वापरली. आकार काचेने सांभाळायचा आणि परावर्तन चांदीने करायचे, अशी ही विभागणी होती. घरच्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो. दुर्बिणीत मात्र चांदी काचेच्या पुढच्या अंगाला, उघड्या हवेत असते. तिचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका पातळ. कल्हईवाला भांडे आधी घासूनपुसून लख्ख करतो, कारण मळावर कल्हई धरत नाही. येथेही तेच. काचेवर बोटाचा तेलकट ठसा जरी राहिला, तरी तेवढ्या जागी चांदी सुटते. शिवाय हवेतील गंधकामुळे ती काळी पडते. मग जुना थर आम्लाने उतरवून नवा चढवावा लागतो. स्वच्छता आणि चिकाटी यांवाचून असा आरसा टिकत नाही.

या वेधशाळेतून नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यातील एका ठळक हिरव्या रेषेवरून युरोपात वाद चालू होता. लॉकियर यांच्या मते ती रेषा मॅग्नेशियमच्या वर्णपटातील एका पट्ट्याची कडा होती. तसे असते तर ती एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने विरत गेलेली दिसायला हवी होती. नायगमवाला यांनी निरनिराळ्या परिस्थितीत ती पाहिली. प्रत्येक वेळी ती रेखीवच दिसली, आणि 1891 साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध हा पुरावा जात होता. ती रेषा आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे 1927 साली आयरा बोवेन यांनी दाखवले, तेव्हा वादाचा कायमचा निकाल लागला. गुरूने सांगितले एवढ्याच कारणाने कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, हा कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण जाणतोच. प्रयोगशाळेतील त्याचे आचरण ते हेच.

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. लॉकियर विजयदुर्गावर होते. नायगमवाला आपल्या पथकासह सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तेथेच उतरले होते. जेमतेम दोन मिनिटांच्या त्या अंधारात सूर्याच्या बाह्य आवरणाच्या प्रकाशाचे पृथक्करण करायचे होते. या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल नायगमवाला यांनी पुढे प्रसिद्ध केला.

आपल्या खानदेशात ते ग्रहण खंडग्रास होते. इतिहासाचा शिक्षक म्हणून या ठिकाणी माझे मन थबकते. राहू-केतूंचे नाते अस्पृश्य जातींशी जोडणाऱ्या समजुतीने ग्रहणाच्या वेळी गावोगावच्या महार-मांगांना दारोदार दान मागत फिरायला लावले होते. एकाच सूर्याखाली एकीकडे त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण चालले होते, आणि दुसरीकडे त्याच्या झाकोळाचे ओझे आपल्या पूर्वजांच्या माथी होते. नायगमवाला यांना शिक्षणाची वाट मोकळी होती. त्यानंतर थोड्याच वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसत होते. ज्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात नायगमवाला यांनी अध्यापन केले, तेथूनच बाबासाहेब पदवीधर झाले. बुद्धी सर्वत्र होती. तिला मिळणारे दार मात्र सर्वत्र नव्हते.

1912 साली नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला गेली. भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाणारी ती दुर्बीण तेथेही बराच काळ वापराविना राहिली. 1938 साली नायगमवाला यांचे निधन झाले. दाता होता, यंत्र होते, विद्वत्ता होती. परंतु ते काम पुढे नेणारी शिष्यपरंपरा पुण्यात उभी राहिली नाही. एका व्यक्तीवर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीबरोबर मावळते.

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत हे चरित्र सांगण्याचे प्रयोजन हेच. ज्यांच्या पणजोबांनी ग्रहणात दान मागितले, त्यांची मुले-मुली आज येथील प्रयोगशाळेत परीक्षानळीवर चांदी चढवतात. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी या कार्यास हातभार लावताना इमारतीबरोबरच तेथे शिकवणारी पुढची पिढी घडते आहे ना, हेही पाहावे. आरशावरची चांदी काळाने काळवंडणारच. ती पुन्हा चढवणारे हात मात्र तयार असले पाहिजेत.