आयर्व्हिंग फिशर

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या तुमच्या दादा-ताईंना आयर्व्हिंग फिशर हे नाव चलन संख्यामान सिद्धांतामुळे ठाऊक असेल. त्यांचे दुसरे एक काम फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

फिशर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६७ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सॉगर्टीज गावी झाला. ते सतरा वर्षांचे असताना वडील क्षयाने वारले. शिकवण्या घेऊन, आई व धाकट्या भावाला सांभाळत ते येल विद्यापीठात शिकले आणि १८९१ साली डॉक्टरेट मिळवून तेथेच प्राध्यापक झाले. १८९८ मध्ये त्यांनाही क्षयाने गाठले, पण ते त्यातून उठले.

बाजारभाव बदलले की व्यापारावर परिणाम होतो, पण तो किती दिवसांनी? फिशर यांनी १९२५ मध्ये दाखवले की तो एका ठरावीक महिन्यात होत नाही, अनेक महिन्यांत विभागून होतो. आषाढात पडलेला पाऊस विहिरीत थोडा लगेच उतरतो, थोडा श्रावणात, थोडा भाद्रपदात. म्हणून आजचे पाणी हे मागच्या कित्येक महिन्यांच्या पावसाचे मिळून असते. तसेच हे. १९३७ मध्ये त्यांनी याची सोपी रीत दिली. समजा, परिणाम चार महिने टिकतो. तर पहिल्या महिन्याला ४, मग ३, २, १ असे उतरते भार द्यायचे. बेरीज १०. म्हणजे भाव एकदा वाढून तसेच राहिले, तर पहिल्या महिन्यात परिणामाचे ४ दशांश, दुसऱ्यापर्यंत ७, तिसऱ्यापर्यंत ९ आणि चौथ्या महिन्यात पूर्ण १० दशांश दिसतात. वहीत करून पाहा.

कार्यालयातील कार्डे एका नजरेत दिसावीत अशी मांडणीही त्यांनी शोधली होती. तिच्यातून मिळालेला पैसा त्यांनी शेअर्समध्ये घातला. ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअर्सचे भाव आता उंचावरच राहतील असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि थोड्याच दिवसांत बाजार कोसळला. विलंबाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला हे कसे दिसले नाही, असे वाटून जाते. सारी संपत्ती गेली. राहते घर विद्यापीठाने विकत घेऊन त्यांनाच भाड्याने दिले.

तरी ते लिहीत राहिले. भाव उतरले की कर्जाचे ओझे कसे वाढते, हे त्यांनी १९३३ मध्ये मांडले. तेव्हा ते स्वतः कर्जात होते. वर सांगितलेली सोपी रीत प्रसिद्ध झाली त्या वर्षी त्यांना सत्तर पूर्ण झाली होती. २९ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.