सम्राट अशोक : विजयाचा पश्चात्ताप करणारा राजा



परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तो दिवस अशोक विजयादशमीचा. घरातल्या लहान मुलाने उद्या विचारले, की अशोकाने कोणता विजय मिळवला, तर तुम्ही काय सांगाल? त्यासाठी त्याचे चरित्र नीट समजून घ्या.

अशोक हा मौर्य घराण्यातील चंद्रगुप्ताचा नातू व बिंदुसाराचा मुलगा. पाटलिपुत्र ही त्याची राजधानी. अफाट राज्य त्याला वारशानेच मिळाले होते. कलिंग देश मात्र बाहेर राहिला होता. आपल्या परभणी जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी, जिला आपण गंगा म्हणतो, ती पूर्वेकडे समुद्राला मिळते. तेथून वर महानदीपर्यंतचा किनारा म्हणजे साधारणपणे कलिंग. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, इ. स. पू. २६१ च्या सुमारास, अशोकाने तो जिंकला. राज्य वाचवण्यासाठी हे युद्ध करावे लागले, असे त्याने आपल्या शिलालेखात कोठेही म्हटलेले नाही.

जिंकलेला राजा मेलेल्यांची मोजदाद पराक्रम म्हणून करतो. अशोकाने ती पश्चात्ताप म्हणून केली. तेराव्या शिलालेखात तो सांगतो, की दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मेली. एवढ्यावर तो थांबत नाही. आईबापांची सेवा करणारी, नोकरचाकरांशी नीट वागणारी साधी माणसेही यात भरडली गेली. आणि जे स्वतः वाचले, त्यांनाही मित्रांच्या व सोयऱ्याधायऱ्यांच्या दुःखाचा घाव बसला, हे तो मान्य करतो.

मी शाळेत इतिहास शिकवतो. कलिंगाचे युद्ध कोणी जिंकले, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर आणि एक गुण असतो. त्यापुढे मी मुलांना विचारतो, की दीड लाख माणसे नेली, त्यांच्या शेतात त्या साली पेरणी कोणी केली? वर्ग गप्प होतो. आपली मुले मजुरांची आहेत. घरातला एक हात कमी झाला की काय होते, ते त्यांना शिकवावे लागत नाही.

युद्धाचा नगारा वाजला की लोकांचे डोके फिरते. ज्याच्या घरातले कोणी जाणार नसते, तोच मोठ्याने ओरडतो. अशोकाने हे ओळखले. रणभेरीच्या जागी त्याने धम्माचा घोष आणला. लोकांना कळेल अशा भाषेत लेख कोरवले. पुत्रपौत्रांनी नव्या विजयाचा विचार करू नये, असे बजावले. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला १८८२ साली त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीची सहल सोडून राजा धम्मयात्रेला निघाला, वृद्धांना आणि खेड्यातल्या माणसांना भेटू लागला, हा त्या लेखाचा विषय.

त्याला देव करू नका. कलिंग त्याने परत दिला नाही, सैन्यही मोडले नाही. कलिंगातल्या धौली व जौगड येथे पश्चात्तापाचा तो लेखही कोरवला नाही. पण तेथे वेगळे लेख कोरवून त्याने सर्व प्रजेला आपली लेकरे मानले, आणि विनाकारण कोणाला कैद वा छळ होऊ नये, अशी अधिकाऱ्यांना ताकीद दिली. उपासक झाल्यावर एक वर्ष आपण फारसा उद्योग केला नाही, संघाच्या सहवासात आल्यावरच नेटाने लागलो, हेही त्याने कबूल केले. दीक्षा एका दिवसाची असते, धम्म आयुष्यभराचा. नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराने हे ध्यानात ठेवावे.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याची कथा सांगितली आहे. शाक्य संघ कोलियांवर युद्ध करायला निघाला, तेव्हा तरुण सिद्धार्थ विरोधात उभा राहिला. बहुमत युद्धाच्या बाजूचे होते. त्याने घरदार सोडणे पत्करले, पण युद्धाला होकार दिला नाही.

अशोकाला जे लाख माणसे मेल्यावर कळले, ते सिद्धार्थाने आधीच सांगितले होते. चावडीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात युद्धाची भाषा सुरू झाली, की तुम्ही एवढेच विचारा: हे युद्ध टाळता येणार नाही काय, आणि यात कोणाची लेकरे जाणार? चार माणसे रागावतील. सिद्धार्थावर तर सारा संघ रागावला होता.

जय भीम!