विष्णु दिगंबर : जमा आणि खर्च

सातारा, कराड, सांगली, मिरज या गावांतील शेकडो मुलेमुली दरवर्षी संगीताच्या परीक्षांना बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीचा ठरलेला अभ्यासक्रम, ठराविक राग, ठराविक ताल आणि शेवटी प्रमाणपत्र ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी तरी प्रथम कल्पिली असेल, तिच्यासाठी कोणी तरी आयुष्य वेचले असेल, याची जाणीवही सहसा होत नाही. ज्यांच्या प्रयत्नांतून ही व्यवस्था उभी राहिली ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत निवर्तले. त्यांच्याविषयी आजवर जे बोलले गेले ते बहुतांशी गौरवाचे आहे आणि तो गौरव सार्थच आहे. तथापि, त्यांनी छापलेली स्वरलिपीची पुस्तके आज उघडून पाहणाऱ्याच्या मनात आदराबरोबर एक रुखरुखही निर्माण होते. ज्या गायकीत ते वाढले ती या पानांवर पुरतेपणी सापडत नाही. आदर आणि रुखरुख या दोहोंचा हिशेब एकदा मांडून पाहणे, हे त्यांच्या थोरवीला उणेपणा आणणारे नाही.

पलुसकरांचे मूळ आडनाव गाडगीळ. कृष्णेच्या खोऱ्यातील पलूस या गावावरून घराण्यास पलुसकर हे नाव पडले. विष्णु दिगंबरांचा जन्म मात्र १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड, मिरज, सांगली ही तेव्हा पटवर्धनांची संस्थाने होती. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज या संस्थानांचा प्रदेश यांतून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे स्वर आणि ताल घरातच होते. परंतु मुलाने इंग्रजी शिकावे, नोकरी धरावी, अशीच त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबाची स्वाभाविक अपेक्षा होती. लहानपणी शोभेच्या दारूचा स्फोट होऊन विष्णूचे डोळे जायबंदी झाले आणि ही वाट बंद झाली. उपचारासाठी त्यास मिरजेस आणले गेले आणि डोळ्यांना ताण न देणारी विद्या म्हणून संगीताची निवड झाली. एका अपघाताने एका कुटुंबाचा बेत मोडला आणि महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाला वेगळे वळण लागले.

मिरजेत गुरू लाभले ते पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे अपार कष्टाने मिळविली आणि महाराष्ट्रात आणून रुजविली. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे, पडेल ते काम करणे आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा चार स्वर पदरात पाडून घेणे. कोणता राग केव्हा मिळेल, मिळेल की नाही, यांची कसलीही शाश्वती नसे. या पद्धतीत जो टिकला तो तयार झाला हे खरे; पण जो टिकला नाही त्याची नोंद कोणी ठेवली नाही. विष्णु दिगंबरांनी सुमारे नऊ वर्षे ही तालीम घेतली. आवाज भारदस्त झाला, गळा फिरता झाला, संस्थानाचा आश्रय होताच. सामान्य माणसाने येथे समाधान मानले असते.

त्यांनी ते मानले नाही. मिरजेतील एका समारंभास गावातील प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली, विष्णु दिगंबरांनाही गेले. पण त्यांच्या गुरूंना, ते केवळ गवई म्हणून, वगळण्यात आले, अशी हकिकत सांगितली जाते. या प्रसंगाने त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली. राजाश्रयाने गवयाचे पोट भरते, पण त्याला समाजात स्थान मिळत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, ज्या मालाला एकच गिऱ्हाईक असते त्या मालाची किंमत तो गिऱ्हाईकच ठरवितो आणि माल बनविणाऱ्याची प्रतिष्ठाही. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा असे मुक्काम करीत ते बडोद्याकडे व तेथून काठेवाडात गेले. राजकोट येथे त्यांनी जाहीर कार्यक्रम करून श्रोत्यांसाठी तिकीट लावले. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र चांगले गाणे एक तर दरबारात होई, नाही तर मंदिरात, नाही तर अशा ठिकाणी की जेथे गृहस्थ उघडपणे जात नसे. तिकिटाने एका संस्थानिकाच्या जागी शंभर सामान्य माणसे आणून बसविली. गवई प्रथमच एकाचा आश्रित न राहता अनेकांना बांधील झाला.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे लाहोर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ज्या प्रांतात मराठी माणसाला कोणी ओळखत नव्हते, भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, अशा ठिकाणी कोणत्याही राजाच्या खजिन्यावर अवलंबून न राहता केवळ फी, वर्गणी आणि स्वतःच्या मैफलींची मिळकत यांवर त्यांनी शाळा चालविली. आरंभी विद्यार्थीच येईनात; पंडितजी वेळेवर वर्गात येऊन एकटेच तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात. हळूहळू वर्ग भरू लागले. घंटा झाली की तास सुरू, घंटा झाली की संपला. हजेरी, इयत्ता, परीक्षा हे सर्व इंग्रजी शाळेप्रमाणे. कुलीन घरांतील स्त्रियांनी गाणे शिकावे, ही कल्पनाच ज्या काळी असह्य होती त्या काळी त्यांच्या विद्यालयाचे दार स्त्रियांना खुले झाले. एवढी एकच गोष्ट जमेच्या बाजूला मांडली तरी पारडे जड होईल.

शाळा आली म्हणजे पाठ्यपुस्तक आले आणि पुस्तक आले म्हणजे लिपी आली. विष्णु दिगंबरांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. मात्रेचे लहान लहान भाग दाखविणाऱ्या खुणांमुळे ती बारकाव्याची झाली. पण नवशिक्यास काहीशी अवघडही. पुढे पंडित भातखंडे यांची सुटसुटीत लिपी अधिक रूढ झाली, त्याचे एक कारण हेच. 'संगीत बालप्रकाश', 'रागप्रवेश' अशी पुस्तके निघाली, 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक निघाले, पुढे विद्यालयाचा छापखाना झाला. चिजांतील शृंगारिक शब्द गाळून त्या जागी भक्तीचे शब्द घालण्याचे कामही त्यांनी केले. मध्यमवर्गीय घरात गाणे शिरावे यासाठी ते आवश्यक होते. पण ख्यालाच्या आणि ठुमरीच्या जुन्या शब्दांत जी मानवी व्याकुळता होती तिच्यावरही या स्वच्छतेत पाणी पडले. रुखरुखीचे हे पहिले कारण.

दुसरे कारण याहून खोल आहे. युरोपात रचनाकार कागदावर स्वर मांडतो आणि शंभर वादक तो कागद समोर ठेवून एक होऊन वाजवितात. बेथोव्हनची सिंफनी त्या कागदात आहे. आपल्याकडे राग कागदात नसतो. तो गाणाऱ्याच्या त्या दिवसाच्या विचारात असतो. दोन दिवशी एकच माणूस एकच चीज गातो आणि दोन्ही वेळा ती वेगळी होते. अशा संगीताला लिपीत बसवावयाचे, वर्गातील तीस जणांकडून एकसाथ म्हणवून घ्यावयाचे, म्हणजे मींड, आंदोलन, लयीशी चाललेली लपाछपी हे सारे छाटणे आले. तीस गळे एकत्र येतात तेव्हा जे सर्वांना जमेल तेवढेच शिल्लक राहते. समूहगायनात बळ असते, शिस्त असते. तेथे चिंतनाला जागा उरत नाही.

मात्र हे बळ लहान नव्हते. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत विष्णु दिगंबरांनी 'वंदे मातरम्' गाऊन हजारोंचा समुदाय एका स्वरात आणला. १९२३ साली काकिनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गाण्यास हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी गाणे पुरे केले. रामधुनेची त्यांनी रूढ केलेली चाल गांधीजींच्या प्रार्थनेत गेली. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमतीच्या आश्रमात संगीत शिकवीत आणि १९३० च्या दांडीयात्रेत सामील होते. ज्या चालीवर पंडितास फारसे काम करावयास जागा नाही, तीच चाल निरक्षर शेतकऱ्याच्या तोंडी बसते. कलेच्या कसोटीवर जी उणीव, तीच लोकजीवनाच्या कसोटीवर गुण ठरते. या दोन कसोट्यांपैकी एकच खरी असे म्हणता येणार नाही.

त्यांच्या शिष्यांनी समूहाची ही कल्पना आणखी पुढे नेली. विष्णुदास शिराळी हे उदयशंकरांच्या नृत्यपथकाबरोबर युरोप-अमेरिकेत गेले आणि भारतीय वाद्यांचा वृंद त्यांनी परदेशी रंगमंचावर उभा केला. मिरजेत जन्मलेले बा. र. देवधर यांनी मुंबईत पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला व १९२५ साली स्वतःची संगीतशाळा काढली. शंकरराव व्यास 'रामराज्य' या १९४३ च्या चित्रपटाचे संगीतकार म्हणून घरोघरी पोचले. लिपी आणि शिस्त यांच्यावाचून यांतील पुष्कळसे काम घडले नसते.

पैशाच्या बाबतीत मात्र विष्णु दिगंबरांना यश आले नाही. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईस शाखा काढली आणि पुढे सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतंत्र इमारत बांधली. शाळा, वसतिगृह, छापखाना, वाद्यांची कर्मशाला असा मोठा पसारा होता. इमारत कर्जाची होती. कर्ज मैफलींच्या मिळकतीतून फेडावयाचे, म्हणजे एका माणसाच्या गळ्यावर सारा डोलारा उभा होता. फीची रक्कम मुद्दाम अल्प ठेवलेली, कित्येक विद्यार्थी फुकट राहणारे-जेवणारे; उत्पन्न अनिश्चित, व्याज मात्र निश्चित. १९२० नंतरच्या काही वर्षांत सावकारांनी तगादा लावला आणि इमारतीचा लिलाव झाला. राजाच्या लहरीतून सुटलेला कलावंत बाजाराच्या हिशेबात सापडला. जी संस्था समाजासाठी होती तिचा भांडवली खर्च समाजाने उचलला नाही. त्यानंतर भगवी वस्त्रे पांघरलेले पंडितजी नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात रामभक्तीत रमले. अकरा अपत्ये आधीच काळाने नेली होती. अखेरच्या आजारात त्यांना मिरजेस आणले गेले. तेथे देह ठेवला तेव्हा धाकटा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता.

येथे मिरजेच्याच दुसऱ्या एका गायकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्मही १८७२ चाच. तेही मिरजेत स्थायिक झाले. तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांनीही शाळा काढली, पण त्यांचे नाव टिकले ते आवाजामुळे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकणाऱ्यास अंतर्मुख करतात. विष्णु दिगंबरांचे नाव ध्वनिमुद्रिकांनी टिकविलेले नाही, ते विद्यालयांनी टिकविले. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. त्या मंडळाचे एक प्रमुख कार्यालय आज मिरजेत आहे. एकाने स्वर मागे ठेवला, दुसऱ्याने व्यवस्था. ज्यांना केवळ स्वराची ओढ आहे त्यांना दुसरा वारसा रुक्ष वाटेल. परंतु अब्दुल करीम खाँची ध्वनिमुद्रिका लावून कान टवकारणारा सुशिक्षित श्रोता घडविण्यात पहिल्या पिढीतील त्या रुक्ष वर्गांचा वाटा किती मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

मग दोष कोठे आहे? विष्णु दिगंबरांच्या योजनेत वस्तुतः दोन प्रवाह होते. एक फी भरून ठरलेल्या वेळी येणाऱ्यांचा. त्याने गवई व्हावे अशी अपेक्षाच नव्हती, त्याने संगीत ओळखावे एवढेच पुरे होते. दुसरा होता उपदेशक वर्गाचा. यातील विद्यार्थी नऊ वर्षे राहण्याचा करार करीत, गुरूच्या सान्निध्यात राहात, पहाटे रियाझ करीत, पंडितजींच्या मागे तंबोरा धरून गावोगाव हिंडत. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास यांच्यासारखे गायक घडले ते पहिल्या प्रवाहातून नव्हे, दुसऱ्यातून. पित्याच्या पश्चात दत्तात्रेय पलुसकरांना घडविले तेही याच शिष्यांनी, समोर बसवून. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. तोवर त्यांच्या गाण्याने हे सिद्ध केले होते की, पलुसकरांच्या परंपरेत ग्वाल्हेर गायकीचा रस आटलेला नव्हता. जुन्या गुरुकुलातील बेशिस्त काढून टाकावयाची आणि सहवास ठेवावयाचा, हा विष्णु दिगंबरांचा खरा बेत होता.

काळाच्या ओघात पहिला प्रवाह फोफावला, दुसरा आटला. याला कारणे आहेत. नऊ वर्षे विद्यार्थ्यास पोसणारी संस्था चालविणे महाग. परीक्षा घेणे तुलनेने स्वस्त आणि तिचे उत्पन्न ठरलेले. जे स्वस्तात मोजता येते ते वाढते आणि जे मोजता येत नाही ते मागे पडते, हा नियम केवळ संगीतास लागू नाही. शाळा-महाविद्यालयांतील गुणपत्रिकांची कथा याहून वेगळी नाही. पुस्तक हे विष्णु दिगंबरांच्या दृष्टीने दार होते. दारातच बैठक मारून तेच घर समजणे, ही चूक त्यांच्या नावावर मांडता येत नाही.

म्हणून त्यांच्या वारशाचा ताळेबंद मांडताना जमेची बाजू त्यांची आणि खर्चाची पुष्कळशी बाजू पुढल्या पिढ्यांची, असे म्हणणे न्यायाचे होईल. त्यांच्या स्वरलिपीची पाने आज अपुरी वाटतात, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. मात्र हा अपुरेपणा कळण्याइतका कान ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी गाणे प्रथम याच पानांतून आले. परीक्षांची संख्या वाढविणे सोपे आहे. प्रत्येक परगण्यात पाचदहा होतकरू मुलांना काही वर्षे निर्वेध शिकता येईल आणि शिकविणाऱ्याला सन्मानाने जगता येईल, एवढा पैसा समाजाने काढणे अवघड आहे. सँडहर्स्ट रोडवरील इमारत गेली तेव्हा जो प्रश्न अनुत्तरित राहिला, तो हाच होय.