गव्हाणीतील प्रेम आणि रेव्हरंड ना. वा. टिळक

आगमनकाळाची चौथी मेणबत्ती पेटली की आपल्या धर्मग्रामांतून गोठे उभे राहू लागतात. गवत अंथरले जाते, कागदाचे डोंगर होतात, आणि मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी त्या गवतावर बाळ येशूची मूर्ती ठेवली जाते. परमेश्वर प्रीती आहे, असे संत योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतो. ही प्रीती आकाशातून आज्ञा देऊन थांबली नाही, ती माणसाच्या दाराशी आली, दार उघडण्याची वाट पाहत राहिली आणि जागा मिळाली नाही तेव्हा गव्हाणीत निजली, हे नाताळचे मर्म होय. हे मर्म एका मराठी माणसाला कसे उमगत गेले, ते आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या माणसाचा आपल्या जळगावशी आणि एकूणच नाशिक धर्मप्रांताच्या भूमीशी निकटचा संबंध होता.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. विवाह झाला तो नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी. याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळक संस्कृतचे जाणकार, वक्ते, कवी. पण पाय एका जागी ठरत नसे आणि पैसा हातात टिकत नसे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जागेवरच खिळवून ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता जे सांगायचे ते टिळकांच्या चाहत्यांना रुचेलच असे नाही. हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता अमलात आणला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आश्रयाला राहिल्या. लोकांनी कीव केली, टोमणे मारले. दुःखाने त्या जवळजवळ भ्रमिष्ट झाल्या. प्रभूची प्रीती सापडली म्हणून आनंदलेल्या पुरुषाच्या घरात एक स्त्री रडत होती. चरित्र लिहिताना हा भाग झटपट ओलांडून जावा असा मोह होतो, परंतु तो ओलांडला तर टिळक कळत नाहीत.

कारण खरे शिक्षण येथूनच सुरू झाले. ही ताटातूट सुमारे पाच वर्षे टिकली. त्या काळी कोणी सहज केले असते तसे दुसरे लग्न टिळकांनी केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्या स्वतःचा धर्म आणि स्वतःचे सोवळे घेऊनच. नवऱ्याच्या घरी त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. तेही टिळकांनी मान्य केले. पुढे राहुरीस असताना जात ही देवाने केली की माणसाने, असा विचार त्यांच्या मनात आपोआप उठला, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या सिद्ध झाल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांनी घरी आणली आणि कालपर्यंत सोवळे पाळणाऱ्या बाईंनी त्या मुलांना अंगाखांद्यावर वाढविले. गव्हाणीतील बाळ कोणावर जबरदस्ती करीत नाही. ही गोष्ट टिळक कोणत्या ग्रंथापेक्षाही आपल्या पत्नीकडून अधिक शिकले असावेत, असे आमचे मत आहे.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही नंतर त्यांची कर्मभूमी झाली. तेथून 1907 साली ते आपल्या जळगावात आले. त्या वर्षी येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले होते. धरणगावात जन्मलेला, अवघ्या सतरा वर्षांचा एक लाजरा मुलगा तेथे कविता म्हणण्यास उभा राहिला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. हाच तो त्र्यंबक बापूजी ठोमरे. पदवी देऊन सभा उठते, टाळ्या विरतात, आणि मुलगा पुन्हा आपल्या दारिद्र्यात परततो, असे पुष्कळदा घडते. टिळकांनी तसे होऊ दिले नाही. त्यांनी नगरच्या आपल्या घराचे दार त्याला उघडे केले. टिळक त्याचे गुरू झाले, लक्ष्मीबाई त्याच्या आईच्या जागी आल्या. ठोमरे ख्रिस्ती झाला नाही आणि त्यामुळे त्या घरातील त्याच्या पानावरचा घासही कमी झाला नाही. खान्देशातील एका ब्राह्मण मुलाला ख्रिस्ती पाळकाच्या घरी मिळालेली ही जागा आम्हांला बेथलेहेमच्या धर्मशाळेत न मिळालेल्या जागेची आठवण करून देते.

टिळक आपल्या कॅथोलिक मंडळीचे नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळक होते. परंतु शब्द देही झाला तर तो मराठी देहही घेऊ शकतो, हा त्यांचा ध्यास आपल्यालाही परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 साली राचोल येथे छापले गेले. त्यातही प्रभूची जन्मकथा मराठी ओवीतूनच सांगितलेली आहे. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हे सारे प्रभूच्या सेवेत आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो असे ते मानीत. ख्रिस्ताला ते आई म्हणून आळवीत, आणि ही माउली वारकऱ्यांच्या कानाला अनोळखी नव्हती. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही बसू शकत होते. त्यातील धर्मशास्त्राविषयी आपल्या मंडळीचे मत भिन्न राहील, पण त्यामागची ओढ ओळखीची आहे.

5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. त्यांचे वय होते सत्तावीस. वर्षभराने, 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांनीही देह ठेवला. स्वतःच्या इच्छेनुसार त्यांचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या.

मागे राहिले ते अपुरे महाकाव्य, ख्रिस्तायन. प्रभूचे चरित्र मराठीत गाण्याचा टिळकांचा संकल्प पहिल्या काही अध्यायांवरच थांबला होता. ते काम हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि जोडाक्षरे त्यांना अखेरपर्यंत अडवीत. याच बाप्तिस्म्यापायी एकेकाळी त्यांचा संसार मोडला होता. त्यांनी 64 अध्याय रचले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या वारल्या आणि ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला.