मार्क वायझर : कॉम्प्युटर नजरेआड करू पाहणारा संशोधक
एआर चष्म्याची बातमी आली की मला मार्क वायझर आठवतात. जन्म १९५२, अमेरिकेतला. कॉलेज अर्धवट सुटलं, तरी मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली. १९८७ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आले.

तिथे त्यांच्या टीमने तीन मापांचे कॉम्प्युटर बनवले: तळहाताएवढा टॅब, कागदाएवढा पॅड आणि भिंतीवरचा बोर्ड. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी माणसाला कॉम्प्युटरच्या जगात ओढते, हे त्यांना पटत नव्हतं. १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांनी उलटी वाट मांडली: कॉम्प्युटरच माणसाच्या जगात आणायचा, तोही इतका सहज की त्याच्याकडे लक्षच जाऊ नये. रस्त्यावरची पाटी वाचताना आपण अक्षरं कुठे जुळवत बसतो? अगदी तसं.

२७ एप्रिल १९९९ रोजी, अवघ्या ४६व्या वर्षी, कॅन्सरने ते गेले. आयफोन यायला तेव्हा आठ वर्षं होती. त्यांचे टॅब आणि पॅड आज वेगळ्या रूपात आपल्या हातात आहेत. पण त्यांना हवी होती ती शांतता? माझा फोन तर सारखा टिंग टिंग करत असतो! म्हणून नवा एआर चष्मा आला की मी फीचर्सच्या आधी एकच बघतो: काम झाल्यावर हा गुपचूप बाजूला होतो का?